शब्दांची वर्दी

लक्ष्मीपूजनाला वृत्तपत्रांच्या कचेऱ्या बंद असतात आणि दुसऱ्या दिवशी सकाळी दाराच्या कडीत वर्तमानपत्र अडकवलेले नसते. फराळाच्या ताटाशेजारची ती रिकामी जागा दिवाळी अंक भरून काढतात. अंकात कथा असतात, कविता असतात, आणि त्या कथाकवितांची बरीवाईट चिकित्सा करणारे आमच्यासारखे टीकालेखकही असतात. परंतु मराठी कुटुंबात वर्षभर जे गद्य वाचले जाते त्यात फार मोठा वाटा वृत्तपत्रीय गद्याचा असतो, आणि त्याची चिकित्सा मात्र आम्ही सहसा करत नाही. कवीने एखादे विशेषण सैल वापरले की त्याला आम्ही चारचौघांत धारेवर धरतो. वृत्तपत्राने युद्धाला, लढणाऱ्याला आणि मरणाऱ्याला कोणते नाव दिले, ह्याकडे आमचे लक्ष नसते. वास्तविक कवीच्या सैल विशेषणाने फार तर एक कविता बिघडेल. बातमीतल्या नावाने काय काय बिघडू शकते, ते एका शब्दाच्या आधाराने येथे पाहावयाचे आहे.

‘वर्दी’ ह्या शब्दाचे आपल्याकडे दोन अर्थ चालतात. वर्दी देणे म्हणजे खबर पोहोचवणे, आणि वर्दी म्हणजे शिपायाच्या अंगावरचा पोशाख. युद्धाच्या बातमीत हे दोन्ही अर्थ एकाच वेळी लागू पडतात. खबर घेऊन येणारा शब्द बहुधा कोणाचा तरी पोशाख घालूनच येतो. तो पोशाख कोणाचा, हे ओळखणे हे वाचकाचे काम आहे. निदान ते त्याला करता यावे.

आमच्या आजच्या शब्दाने तर उघडउघड पोलिसाचाच पोशाख घातला आहे. तो शब्द म्हणजे ‘पोलीस ॲक्शन’.

*

मराठवाड्यातल्या जुन्या माणसांना हा शब्द समजावून सांगावा लागत नसे. ‘ॲक्शनच्या आधी’ आणि ‘ॲक्शननंतर’ अशी तिकडच्या घराघरांतली कालगणनाच होती. जन्माची तारीख ठाऊक नसलेली आजी ‘ॲक्शनच्या साली मी एवढी होते’ म्हणून हात कमरेइतका उंच धरून दाखवी, आणि घरातल्यांना तेवढे पुरत असे.

ही ॲक्शन काय होती? १३ सप्टेंबर १९४८ रोजी भारतीय फौजा हैदराबाद संस्थानात शिरल्या. मुख्य फळी सोलापूरच्या बाजूने आली आणि नळदुर्ग पहिल्याच दिवशी तिच्या हाती आले. बरोबर रणगाडे होते, तोफा होत्या आणि वरून विमानांची साथ होती. १७ तारखेला निजामाने हार मानली. दुसऱ्या दिवशी त्याचे सेनापती एल एद्रूस ह्यांनी मेजर जनरल जयंतनाथ चौधुरी ह्यांच्यापुढे शरणागती पत्करली. मोहिमेला लष्कराच्या परिभाषेत ‘ऑपरेशन पोलो’ असे नाव होते. पुढे संस्थानाचा कारभार काही काळ चौधुरींकडेच राहिला, आणि त्या वेळी त्यांचा हुद्दा होता लष्करी गव्हर्नर. ह्या सगळ्या हकिकतीत पोलीस शोधून सापडत नाही. तो फक्त नावात आहे.

हे नाव का घेतले गेले, ते समजायला कठीण नाही. ऑगस्ट १९४८ मध्ये निजामाच्या सरकारने संयुक्त राष्ट्रांच्या सुरक्षा समितीकडे भारताविरुद्ध तक्रार नेली होती. युद्ध दोन राज्यांत होते. युद्ध म्हटले की निजाम हा दुसऱ्या राज्याचा धनी ठरतो, आणि त्याच्या तक्रारीला पाय फुटतात. पोलीस मात्र आपल्याच घरातला दंगा मोडायला जातात. ‘पोलीस ॲक्शन’ म्हटल्याबरोबर हैदराबाद हे भारताचेच घर ठरले. म्हणजे ज्या मुद्द्याचा वाद होता, तोच मुद्दा शब्दाने सिद्ध धरून टाकला. वकिलाने असा शब्द योजावा, त्याची फी त्यासाठीच असते. सरकारनेही योजावा, सरकारलाही आपली बाजू असते. पण बातमी देणाऱ्याने तो आपलाच म्हणून वापरला, की वादी, वकील आणि न्यायाधीश ह्यांच्या खुर्च्या एक होऊन जातात.

*

गंमत अशी की हा पोशाख त्या वेळी नवा शिवलेला नव्हता. त्याआधी चौदाच महिन्यांपूर्वी, जुलै १९४७ मध्ये, डच सरकारने जावा आणि सुमात्रा बेटांवर इंडोनेशियाच्या प्रजासत्ताकाविरुद्ध मोठी फौज उतरवली होती, आणि जगाला सांगितले होते की ही आमची ‘पोलिसी कारवाई’ आहे. तर्क तोच: इंडोनेशिया आमच्या घरातला, तेथला दंगा आमचा, इतरांनी मध्ये पडू नये. त्या मोहिमेचे सांकेतिक नाव मात्र ‘प्रॉडक्ट’ असे होते. उसाचे आणि रबराचे मळे परत ताब्यात घेणे हा तिचा एक प्रमुख हेतू होता, आणि तो त्या नावाने अधिक प्रामाणिकपणे सांगितला. डिसेंबर १९४८ मध्ये दुसरी ‘पोलिसी कारवाई’ झाली. प्रजासत्ताकाची राजधानी यॉग्यकार्ता डचांनी घेतली आणि सुकार्नो व हट्टा ह्यांना कैद केले.

भारताने हा डच शब्द मानला नाही. १९४७ सालीच भारत आणि ऑस्ट्रेलिया ह्या दोघांनी हा प्रश्न सुरक्षा समितीत नेला होता. जानेवारी १९४९ मध्ये पंडित नेहरूंनी नव्या दिल्लीत आशियाई आणि इतर राष्ट्रांची खास परिषद बोलावली आणि डचांच्या आक्रमणाचा निषेध केला. हैदराबादच्या मोहिमेला तेव्हा चार महिने झाले होते. एकच शब्द डचांच्या तोंडी आम्हाला खोटा वाटला आणि आमच्या तोंडी खरा वाटला.

येथे कोणी उतावळा वाचक विचारील, की मग दोन्ही गोष्टी सारख्याच असे तुमचे म्हणणे आहे काय? मुळीच नाही. डच एक गेलेली वसाहत परत मिळवू पाहात होते. हैदराबादेत एका राजाची एकतंत्री सत्ता होती. तेथली प्रजा १९३८ पासून सत्याग्रह करीत होती, स्टेट काँग्रेसवर बंदी होती, स्वामी रामानंद तीर्थांसारखे नेते पुनःपुन्हा तुरुंगात जात होते आणि सरहद्दीवरची गावे रझाकारांच्या भीतीने ओस पडत होती. हैदराबादच्या मुक्तीची बाजू बळकट आहे, आणि ती ह्या हकिकतींमुळे बळकट आहे. मग तिला उसन्या पोशाखाची गरजच काय होती? ज्या शब्दाने जुलमी वसाहतवाल्याचे काम भागते आणि मुक्तीसाठी आलेल्या फौजेचेही भागते, तो शब्द दोघांतला फरक कसा सांगणार? आमची तक्रार आहे ती एवढीच. लेबल चांगल्या पक्षाला लावले तरी ते वाचकाला काही सांगत नाही. उलट जे सांगण्यासारखे आहे ते सांगण्याची गरजच नाही असे भासवते.

*

ह्या शब्दाचा तिसरा मुक्काम कोरियात आहे, आणि तो वृत्तपत्रांच्या दृष्टीने सर्वांत बोधप्रद आहे. जून १९५० च्या अखेरीस कोरियात लढाई पेटली. २९ जूनला अमेरिकेचे अध्यक्ष ट्रूमन पत्रकारांना भेटले आणि आपण युद्धात नाही असे त्यांनी सांगितले. तेव्हा एका वार्ताहरानेच विचारले, की मग ह्याला संयुक्त राष्ट्रांच्या छत्राखालची पोलीस ॲक्शन म्हणणे बरोबर होईल काय? ट्रूमननी होकार दिला. दुसऱ्या दिवसापासून तो शब्द अध्यक्षांच्या नावावर जमा झाला. येथे सरकारने पत्रकाराच्या तोंडात शब्द घातला नाही. पत्रकाराने तो सरकारच्या हातात ठेवला. बातमीदार हा केवळ निरोप्या असतो असे मानणाऱ्यांनी हा प्रसंग लक्षात ठेवावा.

ती ‘पोलीस ॲक्शन’ तीन वर्षे चालली. छत्तीस हजारांवर अमेरिकन सैनिक तीत गेले आणि कोरियन मृतांची संख्या लाखांनी मोजावी लागली. शेवटी १९५३ मध्ये लढाई थांबली तेव्हा घरी परत जायला तयार नसलेल्या २२,००० हून अधिक कैद्यांचा प्रश्न उरला. त्यांची राखण करायला भारताने फौज पाठवली. तिचे प्रमुख होते कोल्हापूरकडचे मेजर जनरल शंकरराव थोरात. त्या कैद्यांना कागदोपत्री काय म्हणत होते? युद्धकैदी. म्हणजे युद्ध झालेच नाही, पण त्याचे हजारो कैदी मात्र काटेरी तारांच्या आत बसलेले! पोलिसांनी पकडलेला माणूस आरोपी असतो, त्याला वकील मिळतो, कोर्ट मिळते. येथे कोर्ट नव्हते आणि आरोपही नव्हता. शब्दाचा पोशाख अशा वेळी अंगावरून घसरतो आणि आतले शरीर दिसते.

हे जाणणारे लोक त्या काळीही होते. ऑगस्ट १९४९ मध्ये जिनिव्हाचे नवे करार झाले. लढणाऱ्या पक्षांपैकी एकाने युद्ध असल्याचे मान्य केले नाही तरीही हे नियम लागू राहतील, असे त्यात मुद्दाम लिहून ठेवले आहे. देशातल्या देशात चालणाऱ्या सशस्त्र संघर्षासाठीही किमान नियम घातले आहेत. सरकारे नावे बदलून नियमांतून निसटतात, हे कायदा लिहिणाऱ्यांनी ओळखले आणि दार लावून घेतले. बातमी लिहिणाऱ्यांनी तेवढी सावधगिरी दाखवली असे म्हणवत नाही.

*

आता वाचकांपैकी कोणी म्हणेल, ‘अहो, शब्दच तो! युद्ध म्हणा, ॲक्शन म्हणा, निजाम गेला ना?’ निजाम गेला, आणि बरे झाले. पण शब्दाची किंमत कोणी मोजली, तेही पाहिले पाहिजे.

‘पोलीस ॲक्शन’ ह्या नावाने गोष्टीला सुरुवात आणि शेवट दिला. १३ तारखेला पोलीस घरात शिरले, १८ तारखेला दंगेखोर हातात आले, काम संपले. पाच दिवसांची गोष्ट. परंतु संस्थानातल्या खेड्यापाड्यांत जे व्हायचे होते ते पुष्कळसे त्यानंतर झाले. उस्मानाबाद, गुलबर्गा, बीदर आणि नांदेड ह्या जिल्ह्यांत मुसलमान वस्तीवर सूड उगवला गेला. नेहरूंच्या सांगण्यावरून पंडित सुंदरलाल आणि काझी अब्दुल गफार आदींचे मंडळ १९४८ च्या अखेरीस त्या भागात हिंडले. त्यांनी आपल्या अहवालात मृतांचा अंदाज सत्तावीस ते चाळीस हजार असा नोंदवला. ह्या आकड्यावर वाद आहेत. काहींना तो फुगवलेला वाटतो, काहींना अपुरा. पण सरकारने तो अहवाल त्या वेळी छापला नाही, आणि तो सामान्य वाचकापुढे यायला कित्येक दशके जावी लागली.

अहवाल दडपल्याचा दोष शब्दावर टाकता येणार नाही. मात्र तो दडपणे शब्दाने सोपे केले. युद्धानंतर माणसे विचारतात: किती मेले, कोण मेले, कोणी मारले? पोलिसांच्या बंदोबस्तानंतर हे प्रश्न कोणाला सुचत नाहीत. आणि ह्याच आच्छादनाखाली दुसरी बाजूही झाकली गेली. ॲक्शनच्या आधी रझाकारांनी जी गावे जाळली, ज्यांच्याकडून खंडण्या उकळल्या, जे सोलापूर-बार्शीकडे जीव घेऊन पळाले, त्यांची हकिकतही ‘दंगा’ ह्या एका शब्दात गुंडाळली गेली. त्यांच्याही मृतांना नीट मोजणारा कोणी भेटला नाही. पोशाख एकाने घातला, पण उघडे दोघेही पडले.

*

आता दुसऱ्या शब्दाकडे वळू: ‘रझाकार’. त्याचा मूळ अर्थ स्वयंसेवक, स्वखुशीने काम करणारा. कासिम रझवीच्या संघटनेने तो घेतला आणि आपल्या कृत्यांनी असा मळवला, की मराठवाड्याच्या बोलीत ‘रझाकारी’ म्हणजे जुलूम असा अर्थ कायमचा चिकटला. इथपर्यंत शब्दावर अन्याय झाला नाही. त्याने जे केले तेच त्याच्या नावावर चढले. अन्याय पुढे झाला. संघटनेचे नाव हळूहळू संघटनेबाहेरच्या माणसांवरही पडू लागले, आणि ज्याने आयुष्यात हातमागाखेरीज काही हाती धरले नाही अशा विणकऱ्यालाही ते चिकटवता येऊ लागले.

अशा वेळी शोएबुल्ला खान ह्यांचे नाव आठवावे. ते हैदराबादच्या ‘इमरोज’ ह्या उर्दू दैनिकाचे संपादक होते, मुसलमान होते, आणि संस्थान भारतात सामील व्हावे असे आपल्या पत्रातून उघड लिहीत होते. ऑगस्ट १९४८ मध्ये रझाकारांनी रस्त्यावर गाठून त्यांची हत्या केली, आणि ज्या हाताने ते लिहीत तो हात तोडला. ‘रझाकार’ हा शब्द जातीचे नाव म्हणून वापरणाऱ्याने ह्या माणसाला कोठे बसवावे? लेबलात त्याला जागा नाही. म्हणून ज्या हकिकतीत तो अग्रभागी असायला हवा, तिथे तो बहुधा गाळला जातो.

ह्या शब्दाचा पुढचा प्रवासही विलक्षण आहे. १९७१ मध्ये पाकिस्तानी फौजेने पूर्व बंगालमध्ये जी साहाय्यक दले उभारली त्यांतल्या एकाचे नाव ‘रझाकार’ होते, आणि बांगलादेशाच्या भाषेत तो शब्द देशद्रोह्याचा पर्याय बनला. जुलै २०२४ मध्ये नोकऱ्यांतल्या राखीव जागांविरुद्ध विद्यार्थी आंदोलन करीत होते. तेव्हाच्या पंतप्रधान शेख हसीना ह्यांनी रझाकारांच्या नातवंडांचा उल्लेख केला, आणि तो विद्यार्थ्यांनी आपल्यावरच घेतला. त्याच रात्री ढाक्याच्या विद्यापीठात मुलामुलींनी स्वतःलाच रझाकार म्हणवून घेत घोषणा दिल्या. पन्नास वर्षे ज्या शब्दाने माणसाची मान खाली जात असे, तो शब्द इतक्यांवर फेकला गेला की शेवटी कोणालाच टोचेना. तीन आठवड्यांनी हसीना देश सोडून गेल्या. एका शब्दाने सरकार पडले असे आम्ही म्हणत नाही. पण खऱ्या अपराध्यासाठी राखून ठेवलेला शब्द सरसकट वापरला, की खऱ्या अपराध्यासाठीही तो निकामी होतो, एवढे त्यातून दिसले.

*

परदेशच्या आणि पूर्वीच्या गोष्टी पुष्कळ झाल्या. आता आपल्या रोजच्या वर्तमानपत्राच्या मराठीकडे येऊ. तिची खास बाब अशी, की ती लेबल बरेचदा नामात न ठेवता क्रियापदात ठेवते. आपल्या मथळ्यांत शत्रू क्वचितच ‘मारला जातो’. त्याचा ‘खात्मा’ होतो, त्याला ‘यमसदनी’ धाडले जाते, आणि सर्वांत लाडका शब्द म्हणजे त्याला ‘कंठस्नान’ घातले जाते. कंठस्नानाचा साधा अर्थ डोक्यावरून पाणी न घेता गळ्यापासून खाली केलेली आंघोळ; त्यावरून तो शिरच्छेदाला लावला गेला. नरकचतुर्दशीला पहाटे उठून अभ्यंगस्नान करणाऱ्या घरात हाच शब्द आदल्या दिवशीच्या मथळ्यात येऊन गेलेला असतो, आणि कोणालाही त्याचे काही वाटत नाही. तसाच दुसरा शब्द ‘चकमक’. चकमक झडायला दोन बाजू लागतात. पण गोळ्या एकाच बाजूने सुटल्या असा संशय असला तरी बातमीत झडते ती चकमकच.

आपल्या जवानाच्या मृत्यूला वीरमरण म्हणू नये, असे येथे सुचवायचे नाही. तो शोकाचा शब्द आहे, आणि शोक करणाऱ्याने कोणता शब्द निवडावा हे टीकाकाराने सांगू नये. प्रश्न कंठस्नानाचा आहे, कारण तो शब्द चौकशीच्या आधीच निकाल देतो. ४ डिसेंबर २०२१ रोजी नागालँडच्या मोन जिल्ह्यात ओटिंग गावाजवळ लष्कराच्या तुकडीने एका गाडीवर गोळ्या झाडल्या आणि सहा जण ठार झाले. ते खाणीतले काम आटोपून घरी निघालेले मजूर होते. ओळखण्यात चूक झाली, असे दोन दिवसांनी गृहमंत्र्यांनी लोकसभेत सांगितले. आता असे समजा, की पहिल्या रात्री एखाद्या पत्राने ‘गोळीबारात सहा ठार, लष्कराच्या म्हणण्यानुसार ते बंडखोर’ असे छापले आणि दुसऱ्याने ‘सहा अतिरेक्यांना कंठस्नान’ असे. तिसऱ्या दिवशी पहिल्या पत्राला आपले वाक्य मागे घ्यावे लागणार नाही. फक्त पुढे लिहावे लागेल. दुसऱ्या पत्राने काय करावे? ज्यांना कंठस्नान घातले ते मजूर होते, असे वाक्य मराठीत लिहून पाहावे. लिहिताना हात अडतो.

*

ह्यावर एक खरा आक्षेप आहे आणि तो टाळून चालणार नाही. मुंबईकर वाचक विचारील: २६ नोव्हेंबर २००८ च्या रात्री छत्रपती शिवाजी टर्मिनसवर गाडीची वाट पाहात बसलेल्या बायकापोरांवर ज्यांनी गोळ्या झाडल्या, त्यांना दहशतवादी म्हणायचे नाही? ‘बंदूकधारी तरुण’ म्हणून मोकळे व्हायचे?

हा वाद जगभर झालेला आहे. सप्टेंबर २००१ मधल्या हल्ल्यांनंतर रॉयटर्स ह्या वृत्तसंस्थेने आपल्या वार्ताहरांना ‘दहशतवादी’ हा शब्द स्वतःच्या तोंडी वापरू नये असे बजावले, आणि तिच्यावर टीकेची झोड उठली. उलट टोक २००४ मध्ये कॅनडात दिसले. तेथल्या कॅनवेस्ट ह्या वृत्तपत्रसमूहाने रॉयटर्सच्या मध्यपूर्वेतल्या बातम्यांत हा शब्द आपल्या मनाने घातला. खाली नाव मात्र रॉयटर्सच्या वार्ताहराचे होते. वार्ताहर रणभूमीत उभा, शब्द घालणारा हजारो मैलांवर खुर्चीत, आणि त्या शब्दाचा राग कोणी काढायचा झाला तर तो वार्ताहरावर निघणार. रॉयटर्सने हरकत घेतली आणि आमची नावे काढा असे सांगितले.

आम्हाला दोन्ही वाटा अपुऱ्या वाटतात. शब्द सर्वस्वी वर्ज्य केला, की भ्याडपणाला तटस्थपणाची वर्दी मिळते. शब्द आधीच छापून ठेवला, की चौकशीची गरज उरत नाही. मधली वाट मराठी व्याकरणात आहे: आधी क्रियापद, मग नाम. काय केले ते प्रथम सांगा. निःशस्त्र प्रवाशांवर, ते प्रवासी आहेत हे डोळ्यांनी पाहात, शहराला धडकी भरावी म्हणून गोळ्या झाडल्या. हे वाक्य लिहून झाल्यावर ‘दहशतवादी’ हा शब्द लेबल राहात नाही. तो त्या कृत्याचा अर्थ होतो, आणि तो खुशाल वापरावा. अट एकच. तेच कृत्य दुसऱ्या बाजूने, दुसऱ्या पोशाखात, आपल्या मित्राने केले तरी तोच शब्द लेखणीतून उतरला पाहिजे. बातमी वाचताना दोन्ही पक्षांची नावे मनातल्या मनात अदलाबदल करून पाहावीत. शब्द तसाच शोभला तर तो प्रामाणिक. नावे बदलताच जड वाटू लागला, तर तो कोणाचा तरी पोशाख आहे असे समजावे.

हा खेळ घरात मुलांनाही शिकवता येतो. शब्दकोड्याइतकाच तो सोपा आहे, आणि त्याला रोज नवा माल मिळतो. फेब्रुवारी २०२२ मध्ये रशियाच्या फौजा युक्रेनमध्ये शिरल्या तेव्हा तेथल्या सरकारने त्याला ‘विशेष लष्करी मोहीम’ म्हटले, आणि ‘युद्ध’ किंवा ‘आक्रमण’ हे शब्द वापरणाऱ्या पत्रांना तंबी दिली. पुढच्याच महिन्यात फौजेविषयी सरकारच्या मते खोटी ठरणारी माहिती पसरवणाऱ्याला पंधरा वर्षांपर्यंत कैद देणारा कायदा झाला. एका साध्या शब्दाला एवढे भिणाऱ्या सत्तेला त्या शब्दाचे वजन बरोबर कळलेले असते. वाचकालाच ते कळत नाही.

शब्द पुढे केव्हा तरी बदलतात, हे खरे. अल्जीरियात १९५४ ते १९६२ आठ वर्षे लढून फ्रान्स तिला ‘घटना’ आणि ‘सुव्यवस्थेची कारवाई’ म्हणत राहिला; कायद्याने ‘युद्ध’ हा शब्द लिहायला १९९९ साल उजाडले. डच पंतप्रधानांनी आपल्या ‘पोलिसी कारवायां’च्या काळातल्या अतिरेकी हिंसेबद्दल इंडोनेशियाची माफी मागितली ती फेब्रुवारी २०२२ मध्ये. आपल्याकडे १७ सप्टेंबर हा दिवस महाराष्ट्रात मराठवाडा मुक्तिसंग्राम दिन म्हणून पाळला जातो. त्याच दिवसाला तेलंगणात केंद्र सरकारने एक नाव दिले, राज्य सरकारने दुसरे, आणि राज्यातले सरकार बदलल्यावर तिसरेही आले. तारखेवर कोणाचे दुमत नाही. भांडण आहे ते नावाचे. आणि बदललेला शब्द मेलेल्या माणसांपर्यंत पोहोचत नाही. त्यांच्यासाठी बरोबर शब्दाची वेळ होती ती त्याच सकाळी, त्याच वर्तमानपत्रात.

सुंदरलाल मंडळाच्या अहवालात एक नोंद आहे. काही ठिकाणी हिंदू विणकरी आपल्या मुसलमान विणकरी शेजाऱ्यांना वाचवण्यासाठी हल्ला करणाऱ्या हिंदूंशी लढले, आणि ते करताना त्यांच्यातल्या काहींचा जीवही गेला. हे लोक पोलीस नव्हते, रझाकार नव्हते, दंगेखोर नव्हते. त्या वेळच्या कोणत्याही मथळ्यात बसेल असे नाव त्यांना नाही. त्यांची बातमी द्यायची तर एका शब्दात भागत नाही; कोणी, कोठे, कोणाला, कोणापासून वाचवले, असे सबंध वाक्य लिहावे लागते. बातमी देणाऱ्याने ते लिहावे, आणि वाचणाऱ्याने ते मागून घ्यावे.